सकाळी कॉलेज, दुपारी काम : सोलापुरात नव्यानं शिकायला आलेल्यांसाठी

दरवर्षी जुलैत माझ्या कर-हिशेबाच्या ऑफिसात दोन-चार पोरं-पोरी येऊन बसतात. कुणी करमाळ्याचं, कुणी मंगळवेढ्याचं, कधी सीमेपलीकडच्या इंडीचं. प्रवेश झालेला असतो, खोली ठरलेली असते आणि प्रश्न ठरलेला असतो : ‘‘सर, कॉलेज करून कुठं काम मिळेल का?’’

लहानसहान काम मिळतं. खरी अडचण उगवते ऑक्टोबरात. परीक्षेचं वेळापत्रक लागतं आणि त्याच आठवड्यात दुकानात दिवाळीची गर्दी सुरू होते. मालक म्हणतो आत्ता सुट्टी नाही, कॉलेज म्हणतं हजेरी भरत नाही, आणि पोरगं दोन्हीकडं तोंड लपवत फिरतं. मी स्वतः बी.कॉम. करताना टॉवेलच्या एका कारखान्यात बिलं लिहायला होतो. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले. अभ्यास जमत नव्हता म्हणून नव्हे. कारखान्यात सगळ्यात जास्त माल कधी उठतो आणि आपली परीक्षा कधी असते, हे दोन्ही एका कागदावर मांडून बघायची अक्कल नव्हती म्हणून. तर सुरुवात त्या कागदापासून करू.

पायरी 1 : बारा महिन्यांचा कागद

एक मोठं कोरं शीट घ्या आणि बारा महिने आडवे मांडा. वरच्या ओळीत कॉलेज, खालच्या ओळीत धंदा.

कॉलेजच्या ओळीत परीक्षा भरा : साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर पहिलं सत्र, एप्रिल-मे दुसरं. प्रत्येक परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे लाल पेनानं रंगवा, कारण अंतर्गत चाचण्या, प्रात्यक्षिकं, जर्नलवरच्या सह्या हे सगळं तेव्हाच अंगावर येतं. आपलं विद्यापीठ, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, 2004 साली स्थापन झालं ते एकाच जिल्ह्यासाठी. याचा एक परिणाम कुणी सांगत नाही. स्वायत्त कॉलेजं सोडली तर शहरातली शिकणारी सगळी पोरं एकाच पंधरवड्यात कामावरून गायब होतात. मालक लोकांना हे पाठ आहे. म्हणून जो आधीच तारखा सांगतो त्याचं ऐकून घेतात, आणि जो आदल्या दिवशी ‘‘उद्यापासून पेपर आहे’’ म्हणतो त्याच्यावर चिडतात.

हजेरीचा हिशेबही इथंच करा. 75 टक्के हा आकडा शिष्यवृत्तीलाही लागतो आणि परीक्षेला बसायलाही. एका विषयाचे 60 तास झाले तर 45 भरलेच पाहिजेत, म्हणजे तुमच्या हातात 15 उरतात. त्यातले सात-आठ आजारपण, गावची जत्रा, बहिणीचं लग्न यात जातात. कामासाठी म्हणून एकही तास बुडवायचा नाही असं धरूनच पुढं चला.

खालची ओळ भरायला मात्र शहर माहीत असावं लागतं. ते तिसऱ्या पायरीत येईल.

पायरी 2 : आधी कॉलेजच्या आत बघा

बाहेर हिंडण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी करा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या स्वावलंबी शिक्षणाच्या विचारातून आलेली ही पद्धत आहे : ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, बाग अशा ठिकाणी रोज थोडे तास काम आणि त्याचा तासावर मोबदला. पैसा मोठा नाही. पण जायला-यायला वेळ लागत नाही, परीक्षेत कुणी अडवत नाही, आणि ग्रंथालयात काम मिळालं तर पुस्तकं सगळ्यांच्या आधी हाताला लागतात. पहिल्या वर्षासाठी यापेक्षा बरं काम मला माहीत नाही. बरीच पोरं याला कमीपणा समजतात. समजू द्या. तेवढाच तुमचा अर्ज वर सरकतो.

दुसरी चौकशी ओजेटीची, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंगची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आता गुणांसाठीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबात इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. चार क्रेडिटांचं प्रशिक्षण असेल तर 120 तास झाले. रोज चार तास आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर हे पाच आठवड्यांत उरकतं. तुमच्या अभ्यासक्रमात ते कोणत्या सत्रात आहे, हे पहिल्याच वर्षी विभागप्रमुखांना विचारून त्या कागदावर टाका. कारण शहाणपण यात आहे की तुम्ही ज्या ठिकाणी आधीपासून काम करताय तिथंच ओजेटी करून घ्यायची. काम एकच, पगारही मिळतो आणि क्रेडिटही. फक्त कॉलेजचं पत्र आधी लागतं. काम करून झाल्यावर मागच्या तारखेचं पत्र मागायला गेलात तर सर लोक देत नाहीत, आणि द्यायलाही नको.

पायरी 3 : धंद्याचा हंगाम ओळखा

सोलापूर म्हणजे चादर एवढंच बाहेरच्यांना माहीत. आत आलं की कळतं, इथं प्रत्येक पेठेचं घड्याळ वेगळं चालतं.

यंत्रमागापासूनच घेऊ, कारण सगळे तिथंच विचारतात. माझं स्पष्ट मत : शिकणाऱ्यानं मागावर उभं राहायला जाऊ नये. तो कारागिराचा धंदा आहे, पाळी लांब असते, आवाजानं डोकं बधिर होतं आणि संध्याकाळी पुस्तक उघडायची ताकद राहत नाही. पण मागाच्या अवतीभवती जे काम चालतं ते शिकण्यासारखं आहे. सूत आलं की त्याचं वजन-नोंद, वार्पिंगला म्हणजे ताणा गुंडाळायला किती गेलं, त्याचे बीम म्हणजे रूळ किती निघाले, किती माल धुलाईला, किती पॅकिंगला. वस्त्रोद्योगाचा डिप्लोमा करणाऱ्यानं जकार्डचं, म्हणजे विणतानाच नक्षी उठवणाऱ्या यंत्राचं, डिझाईन करणाऱ्याच्या शेजारी महिनाभर बसावं. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर उतरतो आणि मग धाग्यात, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की वर्गातलं विणकामाचं प्रकरण परत वाचायला लागत नाही. वाणिज्यवाल्यांनी गोडाऊनची वही आणि बिलं धरावीत.

पूर्व भागातल्या कारखान्यात गेलात तर निम्मं बोलणं तेलुगूत चालतं. घाबरायचं नाही, आठवड्यात कान बसतो. ‘दारम’ म्हणजे धागा, ‘एंता’ म्हणजे किती, ‘रेपु’ म्हणजे उद्या. हा ‘रेपु’ पगाराच्या बाबतीत दोनदा ऐकू आला की कान टवकारा. आणि कुणी ‘‘काय बे’’ म्हटलं तर ती शिवी नाही, सोलापुरात ती आपुलकी आहे. पुण्याहून आलेल्यांना हे समजायला एक सत्र जातं.

गणवेशाचा धंदा वेगळा. इथं शिवलेले शाळेचे गणवेश राज्यात आणि राज्याबाहेर जातात आणि शाळा उघडायच्या आधी, म्हणजे मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, तिथं श्वास घ्यायला फुरसत नसते. नेमका तुमच्या दुसऱ्या सत्राच्या परीक्षेचा काळ. म्हणून गणवेशाच्या कारखान्यात काम धरायचं तर नोव्हेंबर-डिसेंबरात धरा. कटिंगचं गणित, साइजचे तक्ते, ऑर्डरची नोंद शिकून घ्या, मार्चमध्ये तास कमी करा आणि पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्णवेळ हजर व्हा. मालकाला मे महिन्यात माणूस हवाच असतो. हा सौदा दोघांच्या सोयीचा आहे, फक्त तो डिसेंबरात बोलून ठेवावा लागतो.

बाजार समितीत कुणी जा म्हणत नाही, मी म्हणतो. श्री सिद्धेश्वर बाजार समितीत हिवाळ्यात कांद्याची आवक बघायला सुद्धा जावं अशी असते. ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत येते. अडत्याकडं हिशेबपट्टी लिहायला, संगणकावर चढवायला माणूस लागतो. काम सकाळचं, त्यामुळे ज्यांचे वर्ग दुपारी असतात त्यांना जमतं. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला यातलं निम्मं आधीच माहीत असतं : वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात आलेली रक्कम. बापाच्या खिशातून घरी येणारी पट्टी कशी तयार होते हे मेजाच्या या बाजूनं बघितलेला अर्थशास्त्राचा विद्यार्थी मला वर्गातल्या इतरांपेक्षा दोन इयत्ता पुढचा वाटतो.

कर सल्लागार आणि सीएची ऑफिसं हा माझा प्रांत, म्हणून जरा जास्त बोलतो. आमच्याकडं महिन्याच्या आत महिना असतो. 11 तारखेपर्यंत विक्रीचं जीएसटी विवरणपत्र जीएसटीआर-1, 20 तारखेपर्यंत कर भरायचं 3बी. जुलैअखेर आयकराची विवरणपत्रं, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट. मुदतवाढ मिळाली की हे सगळं पुढं सरकतं आणि बरोबर तुमच्या परीक्षेवर येऊन बसतं. त्यामुळे आमच्यासारख्याकडं काम धरताना ‘‘ऑक्टोबरात मी नाही’’ हे पहिल्या दिवशी सांगा. जुलै मात्र सोन्यासारखा : कॉलेज नुकतं सुरू झालेलं असतं आणि ऑफिसात शिकायला सगळ्यात जास्त तेव्हाच मिळतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली येतं असं सगळेच सांगतात. मी एवढंच करतो, टॉवेलचं एक खरेदी बिल पुढं ठेवतो आणि विचारतो, यातला 6302 हा आकडा कसला? एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा क्रमांक, असं ज्यानं सांगितलं तो उद्यापासून येतो. सीए करणाऱ्यांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण, ही वेगळी गोष्ट आहे. 2023 पासूनच्या योजनेत ती दोन वर्षांची झाली आणि तिच्यासोबत बी.कॉम. चालू असेल तर फॉर्म 112 भरून सीएंच्या संस्थेची, आयसीएआयची, परवानगी घ्यावी लागते. ती न घेता दोन्ही चालवणारे शेवटी अडकतात.

साखर कारखान्यांबद्दल एकच, पण महत्त्वाचं. जिल्ह्यात कारखाने भरपूर आहेत. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतं. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यानं गाळप चालू असताना प्रयोगशाळा बघावी : ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ), पोल (रसातली साखर), उतारा (उसातून निघालेली साखर). मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यानं मात्र गाळप संपल्यावर जावं. चालू मिल लांबून बघायची असते. बंद हंगामात तीच मिल उघडून ठेवलेली असते, बेअरिंग बाहेर काढलेली, रोलर चढवणं-उतरवणं चाललेलं. उन्हाळी सुट्टीतल्या त्या महिन्यात जे हाताला लागतं ते गाळपाच्या सहा महिन्यांत लागत नाही.

एमआयडीसीतल्या इंजिनिअरिंग कंपन्या, अक्कलकोट रोडच्या आणि चिंचोळीच्या, थेट आलेल्या विद्यार्थ्याला सहसा फाटकावरूनच परत पाठवतात. तिथं कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाचं पत्र घेऊनच जा. चिंचोळी शहराबाहेर पुणे रस्त्यावर आहे, जाण्या-येण्याचा वेळ कामाच्या तासांत धरा.

राहिलं ते भराभर. दवाखान्यांत आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये कानडी बोलणाऱ्याला मान आहे, कारण विजापूर-कलबुर्गीकडचे पेशंट इथं येतात. डी.फार्म.वाल्यांना 500 तासांचं प्रशिक्षण किमान तीन महिने करावंच लागतं, त्यांनी औषध दुकान शेवटच्या वर्षाआधीच हेरून ठेवावं. सूक्ष्मजीवशास्त्र आणि शेतीच्या विद्यार्थ्यांसाठी केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरचा तेल्या रोग गावाकडं बघितलेला असतो, त्याच्यावर शिकायचं असेल तर कॉलेजमार्फत विचारा. आणि कला शाखेच्या मुलांनी हात चोळत बसू नये. चादर-टॉवेलचे लहान व्यापारी आता ऑनलाइन विकतात, त्यांना मालाचे फोटो काढणारा आणि शुद्ध मराठी-हिंदीत माहिती लिहिणारा माणूस हवाय. फक्त एक लक्षात ठेवा, सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्ही नावांना भौगोलिक मानांकन आहे. बाहेरून आणलेल्या मालाला ते नाव द्यायला मालकानं सांगितलं तर लिहू नका.

पायरी 4 : मालकासमोर उभं राहणं

सोलापुरात ई-मेलवर काम मिळत नाही. तोंड दाखवावं लागतं. सोमवारी सकाळी आणि पगाराच्या दिवशी जाऊ नका. दुपारी चारनंतर जा, जेवून-लवंडून मालक पुन्हा गादीवर बसलेले असतात आणि चहा यायचा असतो.

काय बोलायचं ते घरी दोनदा बोलून बघा. असं काहीतरी :

‘‘नमस्कार मालक. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव मोहोळ. कॉलेज दुपारी साडेबाराला सुटतं. आठवड्यातले पाच दिवस दोन ते सहा येऊ शकतो. बिलं करता येतात, माल मोजायलाही उभा राहीन. परीक्षेचे तीन आठवडे मात्र येणार नाही, तारखा या कागदावर लिहून आणल्यात.’’

शेवटचं वाक्य बोलताना जीभ अडखळते, मला माहीत आहे. वाटतं, हे ऐकून नकोच म्हणतील. काही म्हणतातही. पण जे म्हणत नाहीत त्यांच्याकडंच तुमचं शिक्षण पूर्ण होणार असतं. बहुतेक वेळा पुढचा प्रश्न येतो, ‘‘मोहोळात कुणाचा?’’ सरळ उत्तर द्या. ओळख निघाली तर बरंच, नाही निघाली तरी चहा मिळतो.

काय विचारून घ्यायचं : कामाचे तास, पगार महिन्याला की आठवड्याला, रोख की खात्यावर, आणि शिकवणार कोण. चौथा प्रश्न बहुतेक विसरतात. ‘‘आमचे दिवाणजी दाखवतील’’ असं उत्तर आलं तर त्याच दिवशी दिवाणजींना जाऊन नमस्कार करा. पुढं मालकापेक्षा तेच जास्त उपयोगी पडतात.

कॉलेज चालू असताना, ओजेटीचे आठवडे सोडले तर, आठवड्याला 20 तासांच्या वर जाऊ नका. हा नियम कुठं छापलेला नाही, माझा आहे, आणि दोन विषय घालवून मिळवलेला आहे. आणि उचल घेऊ नका. लग्न असो, फोन असो. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, आणि ती फिटत नाही म्हणून या शहरात किती माणसं एकाच दारात म्हातारी झाली हे कुठल्याही जुन्या विणकराला विचारा.

पायरी 5 : सरकारी योजना, कुणाला कोणती

इथं मोठा गोंधळ होतो. फॉरवर्ड आलेला संदेश वाचून पोरं अर्ज भरतात आणि अपात्र ठरतात. थोडक्यात सांगतो.

2024 मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. शासन निर्णयातच तसं लिहिलेलं आहे. बारावी झालेल्याला 6 हजार, आयटीआय-पदविकेला 8 हजार, पदवीधराला 10 हजार विद्यावेतन असं तिचं स्वरूप. पदवी झाल्यावर विचार करा. पंतप्रधान इंटर्नशिप योजना त्याच वर्षी सुरू झाली ती 21 ते 24 वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण न घेणाऱ्यांसाठी. मुक्त किंवा दूरशिक्षणानं शिकणाऱ्याला ती चालते.

अ‍ॅप्रेंटिसशिप मात्र नीट समजून घ्या. तिच्यामागं 1961 चा कायदा आहे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे तुम्ही उपकार मागायला जात नाही. 2019 च्या नियमांनी किमान विद्यावेतन ठरवलं ते पदविकेला 8 हजार, पदवीला 9 हजार. कंपनी त्याहून जास्त देऊ शकते. अर्ज करायच्या दिवशी अ‍ॅप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवरचा चालू दर बघा. प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, कलम 16. कराराची नोंद पोर्टलवर झाली असेल तरच हे सगळं लागू होतं, म्हणून ‘‘तू आमचा अ‍ॅप्रेंटिस’’ असं तोंडी कुणी म्हटलं तर करार क्रमांक मागा.

आयटीआयवाल्यांसाठी मध्य रेल्वेच्या शिकाऊ भरतीत सोलापूर विभाग वेगळा असतो, कुर्डुवाडीचा वर्कशॉपही त्यात येतो. निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, लेखी परीक्षा नसते. दहावीचे गुण आता बदलता येत नाहीत, आयटीआयचे येतात.

आणि घरची परिस्थितीच अशी असेल की पूर्णवेळ कमावल्याशिवाय गत्यंतर नाही, तर सकाळच्या कॉलेजात नाव घालून गैरहजर राहण्यापेक्षा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात प्रवेश घ्या. 1989 पासून ते अशाच लोकांसाठी चाललं आहे. पदवी ती पदवीच.

पायरी 6 : कुठून पळ काढायचा

काम देण्यासाठी जो पैसे मागतो त्याच्याकडून. मूळ गुणपत्रिका ‘‘जमा’’ ठेवून घेतो त्याच्याकडून. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही मागतो त्याच्याकडून. घरबसल्या टायपिंग करा आणि चुका झाल्या तर दंड भरा, असं सांगणाऱ्याकडून. हॉटेलच्या हॉलमध्ये टाय लावून ‘‘बिझनेस संधी’’ सांगणारा तुमच्याच वर्गातला मित्र असेल तरी उठून या. मैत्री नंतर जुळते, भरलेले पैसे येत नाहीत.

पोरींसाठी दोन ओळी. पहिल्या दिवशी कुणालातरी सोबत नेऊन जागा बघून या, आणि सुटायची वेळ ठरवून घ्या. मागाच्या शेडमध्ये जाताना ओढणी आणि केस घट्ट बांधा, पट्ट्यात काहीही अडकायला क्षण लागत नाही. सैल बाह्यांच्या पोरांनीही हे वाचावं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली चाळिशीच्या वरचं ऊन असतं, पाण्याची बाटली विसरू नका.

पायरी 7 : रोजचं गणित

सोलापुरात राहणाऱ्याच्या वेळापत्रकात एक गोष्ट असते जी कुठल्याच पुस्तकात नाही : पाण्याचा दिवस. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि कधीकधी अवेळी. खोलीतल्या तिघांनी वार लावून घ्या, ज्याची पाळी तो घरी. मालकालाही तसं सांगा. सोलापूरचा मालक असेल तर ‘‘पाणी होतं’’ हे कारण तो दुसऱ्या कुठल्याही कारणापेक्षा लवकर मान्य करतो.

गावाहून येऊन-जाऊन करणाऱ्यांना एसटीच्या विद्यार्थी पासावर 66.67 टक्के सवलत मिळते. पास घर ते कॉलेज एवढ्याच अंतराचा असतो. काम वेगळ्या टोकाला असेल तर ते भाडं खिशातून जातं. पगार ठरवताना ही रक्कम वजा करून बघा. चार तासांच्या कामासाठी दोन तास आणि रोजचे पन्नास-साठ रुपये प्रवासात जाणार असतील, तर जवळचं कमी पगाराचं काम बरं.

अभ्यास पहाटे करा. रात्री कामावरून येऊन अभ्यास करणारे मी बघितलेत. पुस्तक छातीवर आणि दिवा चालू. जेवणाचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा कामाच्या जागी ठेवा, संध्याकाळी सहाला हॉटेलात गेलं की दिवसाच्या मजुरीतला तिसरा हिस्सा तिथंच राहतो.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, जत्रेत स्टॉलवर उभं राहायची कामं निघतात. चार पैसे मिळतात, मजा येते. पण त्याला अनुभव म्हणून कुठं लिहू नका.

पायरी 8 : कामाची वही

शंभर पानी वही, रोज पाच ओळी. आज काय केलं, कोणतं यंत्र किंवा कोणता कागद हाताळला, काय चुकलं, कुणी दुरुस्त केलं, कोणता शब्द नवा कळला. तारीख आणि तास. महिन्याच्या शेवटी जो शिकवतो त्याची सही.

ओजेटीच्या अहवालासाठी ही वही लागतेच, पण तिचा खरा उपयोग तोंडी परीक्षेत होतो. शहरात पैसे देऊन किंवा ओळखीनं 120 तासांचं प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह मिळतं, हे मला माहीत आहे आणि तुमच्या सरांनाही. ते पकडायला त्यांना फार लागत नाही. ‘‘तुमच्या कारखान्यात माल कमी भरला तर डेबिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम वजा केल्याचा कागद, कोण काढायचं?’’ एवढं विचारलं की खोटं प्रमाणपत्र घाम पुसायला लागतं. ज्यानं खरंच काम केलंय तो हसतो आणि म्हणतो, ‘‘सर, डेबिट नोट निघायची कुठं, फोनवर भांडणंच व्हायची.’’ त्याला गुण मिळतात.

वहीतून महिन्यातून एक गोष्ट निवडा आणि अभ्यासक्रमातल्या धड्याशी जोडून बघा. साठा मोजणी केली असेल तर त्या रात्री साठा मूल्यांकनाचा धडा वाचा. असं एखाद-दोन धड्यांपुरतंच जमतं, सगळ्यांना जमत नाही. मला सहा सत्रांत चार धडे जमले. ते चारच अजून आठवतात.

पायरी 9 : काम सोडताना

मी पहिलं काम सोडलं ते वाईट पद्धतीनं. परीक्षा तोंडावर आली, एक दिवस गेलोच नाही. महिन्यानं शेवटचा पगार मागायला गेलो तर मालक म्हणाले, ‘‘तू सांगितलंच नाहीस, माझा माल अडकला त्याचं काय?’’ पगार बुडला. रागानं बरेच दिवस त्या रस्त्यानं गेलो नाही. आज माझ्याकडचा पोरगा न सांगता येत नाही तेव्हा ते मालक आठवतात. तरी पगार द्यायला हवा होता, हे माझं मत कायम आहे.

तर : पंधरा दिवस आधी सांगा, आणि तोंडी सांगितल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवरही दोन ओळी टाका, म्हणजे तारीख राहते. आपल्या जागी येणाऱ्याला दोन दिवस काम दाखवा. किल्ली, संगणकाचा पासवर्ड, अर्धवट राहिलेल्या बिलांची यादी दिवाणजींच्या हातात द्या. मग अनुभवाचं पत्र मागा. पत्राचा मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, कारण ‘‘लिहून देतो’’ म्हणणाऱ्याकडून ते दिवाळीपर्यंत येत नाही. त्यात कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास, नेमकं कोणतं काम, एवढंच असू द्या. ‘मेहनती व प्रामाणिक’ हे सगळ्यांच्याच पत्रात असतं, ते पुढं कुणी वाचत नाही. ‘रोज सरासरी किती बिलं केली’ हे वाचतात.

मालक चष्मा शोधतील, पत्र वाचतील, एखादा शब्द बदलायला लावतील. लेटरहेड संपलेलं असलं तर साध्या कागदावर चालेल, पण शिक्का हवा. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत बसा, चहा घ्या, आणि पुढच्या मे महिन्यात माणूस लागणार आहे का ते विचारून घ्या.